देवीचा प्रयोग

मराठीत ‘देवी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदू शकतात, ही गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीच्या वेळीच ध्यानात यायला हवी होती. माझ्या आली नाही. रिक्षावरून पुकारायचा मजकूर मीच लिहिला होता: ‘देवी या रोगाच्या इतिहासावरील विनोदी नाट्यप्रयोग. पाचवीच्या विद्यार्थ्यांनी पालकांसह यावे. शनिवार, सकाळी दहा, तालमीचा हॉल.’ निशिगंधा म्हणाली होती, सरळ स्मॉलपॉक्स लिहा. मराठीत नेमका शब्द असताना इंग्रजी कशाला, असे मी तिला ऐकवले होते.

आमचे काम थोडक्यात असे: वैद्यकाच्या इतिहासात जे जे रक्ताळलेले, पुवाळलेले आणि अंगावर काटा आणणारे आहे, ते ते शाळकरी मुलांना हसवत दाखवायचे. निशिगंधा नाट्यशास्त्र शिकलेली आहे. ती दिग्दर्शन करते आणि डॉक्टरची भूमिकाही. कृष्णात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत यंत्रावर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमचा रुग्ण होतो. गेल्या दोन वर्षांत त्याचा पाय एकोणीस वेळा कापला गेला आहे. माझ्याकडे पुराव्याचे खाते आहे. ज्या वाक्याला आधार नाही ते रंगमंचावर जात नाही, मग त्यावर कितीही हशा येवो. निशिगंधा या नियमाला ‘मॅडमची कात्री’ म्हणते.

या प्रयोगावर मात्र एका व्यक्तीचे बरेच काही अवलंबून होते. क्रांती ही त्या तालमीच्या, म्हणजे कुस्तीच्या जुन्या आखाड्याच्या, पेठेतली परिचारिका. सोमवारी चार शाळांतल्या पाचवीच्या एकशे बारा मुलांना तिला टीडीची लस द्यायची होती. घटसर्प आणि धनुर्वात या दोन रोगांविरुद्धची, दहाव्या वर्षी द्यायची असते ती. गेल्या वर्षी एक मुलगा सुई पाहूनच चक्कर येऊन पडला. त्याला पुढे काहीही झाले नाही, पण तो घरी पोहोचण्याआधी त्याची बातमी सगळ्या पेठेत पोहोचली होती. एकशे सात पालकांपैकी अडतीस जणांनी संमती दिली. डिसेंबरात उरलेल्या एकोणसत्तर मुलांपैकी एक मुलगी घटसर्पाने गेली. क्रांतीने तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेले होते. हे तिने मला सांगितले नाही. सयाजीने सांगितले, कारण रिक्षा त्याची होती.

“ऐंशी सह्या तरी पडतील असं कायतरी करा,” क्रांती म्हणाली होती. “माझ्या भाषणानं पडत न्हाईत. मला सोताला झोप येती त्या भाषणानं.”

गुरुवारी संमतीचे कागद मुलांबरोबर घरोघर गेले होते. शनिवारी हॉलच्या दारात टेबल टाकून ती ते गोळा करणार होती.

साडेनऊला मी पोहोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत मुले होती, अपेक्षेप्रमाणे, आणि अपेक्षेप्रमाणेच कोणी जागेवर नव्हते. अपेक्षेबाहेरची गोष्ट म्हणजे सुमारे दोनशे स्त्रिया. त्यांतल्या बहुतेकींच्या हातात ताट होते, ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या. त्या देवीची ओटी भरायला आल्या होत्या.

मी सयाजीला गाठले. चार दिवस त्याच्याच रिक्षावर कर्णा बांधून पुकारा झाला होता.

“कागदावर ‘रोग’ असा शब्द होता,” मी म्हणाले.

“व्हता की.”

“मग तो कुठे गेला?”

“देवीला रोग म्हणायचं, आन ते बी कर्ण्यावरनं? माझ्या रिक्षात आईचा फोटो हाय, मॅडम. तेवढा एक शबुद गाळला. बाकी जसंच्या तसं.”

“आणि ‘विनोदी’?”

“त्यो बी गाळला,” तो म्हणाला. “देवीचं इनोदी कसं आसंल?”

पडद्यामागे कृष्णात तयार होऊन बसला होता. पिवळे लुगडे, हातात कडुलिंबाचा टहाळा, आणि मिशीसकट सगळ्या चेहऱ्यावर डिंकाने चिकटवलेले उकडलेल्या साबुदाण्याचे फोड. दंडावरच्या मोठ्या फोडात पिवळ्या कस्टर्डची पातळ पिशवी होती. त्याने फटीतून बाहेर पाहिले आणि तो पुन्हा खाली बसला.

“मी चाललो घरला,” तो म्हणाला. “मार खायाला मी रजा टाकल्याली न्हाई.”

“पायापासून सुरू करू,” निशिगंधा म्हणाली. “पाय सगळ्यांना आवडतो. तोवर मला सुचेल काहीतरी.”

तिचे बरोबर होते. पाय सगळ्यांना आवडतो. भूल द्यायचे औषध सापडण्यापूर्वी चांगला शल्यविशारद मांडीतून पाय तीन मिनिटांच्या आत वेगळा करीत असे, कारण रुग्णाला त्याहून जास्त सहन होत नसे. आमचा पाय केळीच्या बुंध्याचा असतो, हाड उसाचे आणि रक्त बीटाचे. निशिगंधाने करवत उचलली, चार मुलांना कृष्णातचे हातपाय धरायला वर बोलावले आणि बाकीच्यांना सेकंद मोजायला सांगितले. शंभर मुले एका आवाजात मोजू लागली की हॉलचे पत्रे थरथरतात, हे मी अतिशयोक्ती न करता नोंदवते. एकोणपन्नासाव्या सेकंदाला ऊस मोडला. रक्त तिसऱ्या रांगेपर्यंत गेले. दोन मुलांनी डोळे झाकले, पण बोटांत फट ठेवून.

“अगं, त्येला घोटभर पाणी तरी पाजा,” पहिल्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली. या बयाबाई, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या ताटात सर्वांत मोठा नारळ होता.

मग देवीचा प्रवेश आला. कृष्णात चटईवर आडवा झाला, उशाशी लिंबाचा पाला. मुले एकमेकांना ढोसून त्याचे फोड मोजू लागली. बायका मात्र गप्प झाल्या. बयाबाई उठल्या, पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर आल्या आणि कृष्णातसमोर बसल्या. दोन फोडांच्या मधली जागा शोधून त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावले.

“पावणं, पदर धरा.”

कृष्णातने माझ्याकडे पाहिले, मी निशिगंधाकडे, आणि निशिगंधाने मान हलवली. तो उठून बसला आणि त्याने पदर धरला. नारळ, खण, मूठभर तांदूळ. मागे रांग लागली.

थांबवायला हवे, असे माझ्या मनात आले होते. पण मग लक्षात आले की जे चालले आहे ते ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे. घरात कोणाला देवी आल्या की रुग्णाच्या अंगात प्रत्यक्ष देवीच वस्तीला आली, असे मानत. तिला दुखवायचे नाही, औषध द्यायचे नाही, तिची ओटी भरायची आणि ती आपणहून जाण्याची वाट पाहायची. हे मुलांना कसे दाखवावे यावर मी सहा महिने डोके फोडले होते. आता ते त्यांच्या आज्या, आया आणि मावश्याच दाखवत होत्या, तेही तालमीशिवाय.

“मॅडम,” एकविसाव्या नारळाला कृष्णात दबक्या आवाजात म्हणाला, “ह्यो दुसरा पाय आता खराच जातोय.”

मुलांना ऐकू गेले. हशाचा असा स्फोट झाला की रांगेतल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तेथून पुढे प्रयोग आमच्या हातात राहिला नाही आणि त्याहून चांगला प्रयोग आमच्या हातून कधी झाला नव्हता.

निशिगंधाने बारा मुलांची रांग उभी केली. पूर्वी लस बाटलीतून येत नसे, ती माणसातून येई: एका मुलाच्या दंडावर गोस्तन देवीचा, म्हणजे गाईंना येणाऱ्या सौम्य देवीचा फोड उठवायचा, आठव्या दिवशी त्यातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचा, त्याच्यातून तिसऱ्याच्या. अशीच दंडादंडांवरून प्रवास करत ती बगदादहून बसरामार्गे मुंबईला आली, आणि १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. “म्हणजे,” निशिगंधाने विचारले, “ह्याच्या फोडातलं तुझ्यात. चालेल?” पहिल्या मुलाने ठामपणे नाही म्हटले. तिने कृष्णातचा दंड दाबला. कस्टर्ड छतापर्यंत गेले नाही, पण प्रयत्न प्रामाणिक होता. “पू, पू, पू,” असा घोष सुरू झाला आणि नाही म्हणणारा मुलगा बाही वर करून पुढे आला.

“हे बघा,” बयाबाई मध्येच उभ्या राहिल्या. त्यांनी चोळीची बाही वर सारली. दंडावर दोन गोल, चपटे, चमकदार वण होते. “आमच्या देवी काढल्या तवाचं. डॉक्टर काट्याची फिरकी फिरवायचा हातावर. मी कणगीत लपलेलो. दोघांनी पाय धरून वडलं.”

मुले उठली आणि त्यांच्याकडे धावली. मग दुसऱ्या आजीने बाही वर केली, मग तिसरीने. मिनिटभरात हॉलमध्ये पंधरा-वीस दंड उघडे होते आणि प्रत्येकाभोवती मुलांचा घोळका. कुणी वण मोजत होते, कुणी बोट लावून पाहत होते. आपल्या घरातल्या माणसाच्या कातडीवर इतिहास लिहिलेला आहे आणि तो आपण कधी वाचला नाही, याची त्यांना एकदमच खबर लागली होती.  

आणि बायका क्रांतीच्या टेबलाकडे निघाल्या.

दहा मिनिटांत शहाण्णव सह्या झाल्या. क्रांतीने चौथ्यांदा मोजले. मी तिचे अभिनंदन करायला गेले. सही करून झालेली एक तिशीची बाई टेबलाशी उभी होती, हातात आपल्या पाचवीतल्या मुलाचा शर्ट धरून. कस्टर्डमुळे तो अंगातून काढावा लागला होता. नाव स्नेहल.

“देवीची सुई परत चालू झाली ते लई बरं झालं,” ती शेजारणीला सांगत होती.

मी तिच्या मागच्या बाईला विचारले, “ही सही कशासाठी आहे?”

“देवीसाठी.”

तिच्या मागचीला विचारले. उत्तर तेच. कागदावर ‘टीडी’ छापले होते, बारीक अक्षरात, सरकारी मराठीत. दीड तास मी त्यांना एका रोगाचे दर्शन घडवले होते आणि त्या दुसऱ्याच रोगाच्या कागदावर सह्या करून बसल्या होत्या.

क्रांतीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले. “मॅडम, गप बसा,” ती हळू आवाजात म्हणाली. “सुई बरोबर हाय, पोरं बरोबर हाईत, सोमवार बरोबर हाय. चुकलं काय त्यात?”

“रोग चुकला.”

“गेल्या साली मी खरं सांगून अडतीस आणल्या. ध्यानात ठेवा.”

तिचा युक्तिवाद कमकुवत नव्हता. त्या एकोणसत्तर मुलांतली एक कोण होती, हे मला माहीत होते आणि ते मला माहीत आहे हे तिलाही माहीत होते. परंतु समजून न घेता दिलेली संमती ही संमती नसते. आणि हा गैरसमज चव्हाट्यावर सोमवारनंतर आला असता, तर पुढच्या वर्षी तिच्या टेबलाशी कोणीही फिरकले नसते. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

“देवीचा रोग भारतात १९७५ सालानंतर कोणालाही झालेला नाही,” मी म्हणाले. “१९८० साली तो सगळ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. त्याची लस आता शाळेत देत नाहीत. तुम्ही सही केलेला कागद घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशीचा आहे. ही लस देवीची आहे, असे समजून कोणी सही केली असेल, तर त्यांनी कागद परत घ्यावा.”

 मग एक हात पुढे आला, मग दुसरा. क्रांती प्रत्येकीचे नाव शोधून तिचा कागद तिच्या हातात देत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्रेचाळीस कागद परत गेले. त्रेपन्न उरले.

स्नेहल कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“म्हंजी जी गेली तिचं दीड तास नाटक,” ती म्हणाली, “आन जी हाय तिचं मुंगीएवढ्या अक्षरात. उलटं न्हाई का हे?”

 आक्षेप पूर्णपणे ग्राह्य होता.

“मग दावा की आता. घटसर्प का काय त्यो. नट बसलाय न्हवं का रिकामा,” तिने कृष्णातकडे बोट केले. तो मांडीवरचे नारळ उतरवत होता.

“त्याची संहिता नाही. तालीम नाही.”

“तुम्ही बोला, आम्ही करतो,” निशिगंधा म्हणाली. ती केव्हाच वर चढली होती. “प्रत्येक वाक्य पुराव्याचं बोला. तुमच्याकडे दुसरी वाक्यं असतात कुठं?”

मी बोलले. घटसर्पात घशात एक पडदा धरतो, म्हणाले. करडा, चिवट, ओढला तर रक्त येईल असा. कृष्णातने इकडेतिकडे पाहिले, सयाजीच्या खांद्यावरचे रिक्षा पुसायचे फडके घेतले आणि क्षणभर त्याच्याकडे बघून, जड अंतःकरणाने, तोंडात कोंबले. “ई,” असा उद्गार एकशे बारा घशांतून निघाला. मुले पायऱ्यांवर चढून त्याच्या तोंडात बघायला भांडू लागली. त्याने श्वास ओढल्याचा असा आवाज काढला, की क्रांतीने टेबलावरून मान वर केली.

“श्वास कोंडला की डॉक्टर गळ्याला भोक पाडून नळी घालत,” मी म्हणाले. “नळी तुंबली तर काही डॉक्टर ती तोंडाने ओढत.”

कुणीतरी हॉलमागच्या पपईचा पोकळ देठ आणून दिला. निशिगंधाने तो कृष्णातच्या गळ्याला लावला आणि जीव खाऊन ओढला.

“त्यांतले काही त्याच रोगाने मेले.”

ती ताबडतोब कृष्णातच्या अंगावर मरून पडली. टाळ्या, शिट्ट्या. बयाबाईंनी विचारले, “मग आता औषिद कोण द्यायचं?”

“घोडा,” मी म्हणाले.

 मग शंभर बोटे सयाजीकडे वळली. तो आपले फडके परत मागायला आला होता.

“मी न्हाई,” सयाजी म्हणाला. तोवर मुलांनी त्याला चारी पायांवर आणले होते.

घोड्याला घटसर्पाचे विष अगदी थोडे टोचत, मग थोडे जास्त, मग आणखी जास्त, असे मी सांगत गेले. भूमिका नावाची एक दोन वेण्यांची मुलगी पपईचा देठ घेऊन दर वाक्याला सयाजीच्या मानेला टोचत गेली आणि सयाजी दर वेळी वरच्या पट्टीत खिंकाळत गेला. घोडा मरत नाही. त्याचे रक्त त्या विषाला निकामी करायला शिकते. मग ते रक्त काढायचे. उरलेले बीट एका जगमधून आले. “जास्त काढू नगंसा,” घोडा म्हणाला, “दुपारी शाळंचं भाडं हाय.” रक्तातले पाणी वेगळे करून रुग्णाला टोचले, आणि कृष्णातने फडके ओढून बाहेर काढले व हॉलभर दाखवले.

“पॅरिसच्या एका रुग्णालयात पूर्वी घटसर्पाच्या शंभर मुलांतली पन्नासेक दगावत,” मी म्हणाले. “घोडा आल्यावर पंचवीसेक.”

“पंचवीस मरत्यातच की मग,” भूमिका म्हणाली.

“हो. म्हणून लस. रोग यायच्या आधीच, निकामी केलेले विष मुलाला टोचायचे. म्हणजे घोड्याचे रक्त जे शिकत होते, ते मुलाचे रक्त स्वतःच शिकून ठेवते. मग घोडा लागत नाही.”

“म्हंजी आमीच घोडं?”

मी विचार केला. “शास्त्रीयदृष्ट्या, हो.”

एकशे बारा मुले एकदम खिंकाळली. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकेन असे वाटत नाही. बायका कानावर हात ठेवून हसत होत्या, बयाबाई सयाजीच्या पाठीवर थाप मारत होत्या, आणि त्या गदारोळातून कागद टेबलाकडे परत येऊ लागले.

स्नेहल शेवटची आली. “ह्या सुईनं चक्कर येती का?” तिने क्रांतीला नव्हे, मला विचारले.

“येऊ शकते. लशीने नव्हे, सुईच्या भीतीने. बसवून टोचायचे, आणि नंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवायचे.”

“म्हंजी येईल बी.”

“येईल बी.”

“ह्यास्नी खोटं बोलाय येत न्हाई का?” तिने क्रांतीला विचारले.

“न्हाई. तरास हाय नुसता,” क्रांती म्हणाली.

स्नेहलने सहीचा कागद टेबलावर ठेवला. “सोमवारी मी पोराच्या शेजारी बसणार हाय. पडलं तर तुमच्याकडं बघंन.”

“बसा की. सतरंजी टाकतो मी.”

एकोणनव्वद. क्रांतीने पुन्हा मोजले, एकोणनव्वदच होते.

“तुमच्या खऱ्यापायी सात गेली,” ती मला म्हणाली, पण आता माझ्याकडे बघून. मग तिने यादी पुढे ओढली आणि न आलेल्या नावांखाली एकेक रेघ मारली. तेवीस झाली. “उद्या रविवार हाय, मंडळी घरात सापडतील. मॅडम, आठला या. निशिगंधाताई, तुम्ही बी. पडद्याचं फडकं आणा.” ती सयाजीकडे वळली. तो गुडघे झाडत उठत होता.

“मी कशाला?” तो म्हणाला.

“तेवीस घरं हाईत,” क्रांती म्हणाली. “घोडा नको व्हय?”